बशीतली तिसरी वाइन

फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी मी मांडव्याच्या धक्क्यावर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत आईसाठी गुडघ्याचा पट्टा, नानांसाठी दोन पुस्तकं आणि जुन्या टॉवेलांत गुंडाळलेल्या वाइनच्या तीन बाटल्या होत्या. टॉवेल असूनही बाटल्या दर लाटेला एकमेकींवर वाजत होत्या आणि बोटीतली शेजारची बाई दर लाटेला बोटभर लांब सरकत होती. मी वाइनवर लिहिते, असं मी तिला सांगू शकले असते. मग ती पुढच्या बाकावर गेली असती.

मी वाइनवर लिहिते म्हणजे एका मराठी दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मला दर पंधरवड्याला पाऊण पान मिळतं. सदराचं नाव ‘घोट आणि घास’. वर माझा फोटो असतो, त्यात मी हातातल्या ग्लासकडे अशी बघते की जणू त्यात माझा हरवलेला दागिना पडलाय. माझे बहुतेक वाचक पीत नाहीत. पत्रातच तसं लिहितात: ‘आम्ही घेत नाही, परंतु आपले सदर आवडीने वाचतो.’ वाचून झालं की चहा घेत असावेत.

आणि मला वास येत नाही.

हे मी इथे इतक्या सहज लिहू शकले, कारण आता लपवायला उशीर झालाय. चार वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत तापाबरोबर वास गेला. ताप परत गेला, वास आला नाही. जिभेवर आंबट, गोड, खारट, कडू, तुरट एवढं कळतं. बाकी सगळं कोमट पाणी. डॉक्टर म्हणाले, येईल. अजूनही तेच म्हणतात, फक्त आता माझ्याकडे न बघता.

यातली गंमत अशी की नाक शाबूत होतं तेव्हा मी ‘फळांचा मोहक सुगंध’ अशी वाक्यं लिहीत असे आणि कोणी ढुंकून बघत नसे. नाक गेल्यावर लोक म्हणायला लागले, काय नाक आहे हो तुमचं!

नाक नानांचं होतं. विश्वंभर सर, म्हणजे माझे वडील. चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नागावची आमची वाडी बघत बसले. माड, सुपारी, चार जायफळं आणि विहिरीजवळ एक पपनस. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. पण गावात कोणाचं लोणचं बिघडलंय की नुसतं मुरतंय, कोकमाचं आगळ टिकेल की नाही, हे ठरवायला बरणी आमच्या पडवीत यायची. नाना झाकण काढायचे, नाक जवळ न नेता हाताच्या पंजाने वास आपल्याकडे ओढून घ्यायचे आणि निकाल द्यायचे. प्रयोगशाळेतली सवय. मुलांना ते पहिल्याच तासाला सांगत, ‘वासाच्या अंगावर जायचं नाही. त्याला बोलवायचं.’

चार वर्षांपूर्वी मी बरी व्हायला नागावला आले होते आणि सदराची तारीख जवळ आली होती. खेळ म्हणून विचारल्यासारखं करत मी म्हटलं, ‘नाना, बघा ना, याला कसला वास येतो?’ त्यांनी चहाची बशी मागितली. ग्लासात नाक जातं, म्हणाले, आणि नाक गेलं की विचार संपतो. बशीत घाल. मी बशीत घातली. तेव्हापासून प्रत्येक सदराआधी मी बाटली घेऊन नागावला यायचे. पुढे मी सदरात लिहिलं की जाणकार लोक पसरट भांड्यात वाइन ओतून हाताने वारा घेत गंध ओळखतात. कुठले जाणकार, ते लिहिलं नाही. महिन्याभरात पुण्याहून फोटो आला: बारा माणसं बशा समोर ठेवून हात हलवतायत. मला झोप लागली नाही दोन दिवस.

तर त्या शुक्रवारी.

जेवताना आईने दही वाढायला घेतलं तर नाना म्हणाले, ‘नको, घसा.’ मी येते तेव्हा त्यांचा घसा नेहमीच खराब असायचा. मी लक्ष दिलं नाही. जेवण झाल्यावर पडवीतल्या टेबलावर त्यांनी स्वतःच तीन बशा मांडल्या. पांढऱ्या, कडेला निळी रेघ असलेल्या.

‘आज कशाबरोबर?’

‘चीज सॅलड.’

‘म्हणजे?’

‘पाला, काकडी, कांदा, वरून काजू आणि शेळीच्या दुधाचं चीज.’

‘म्हणजे कोशिंबीर. आणि तिच्यावर तीन बाटल्या?’

आतून आई म्हणाली, ‘कोशिंबिरीवर दारू पितात आणि ह्यांना वाटतं देश पुढे चाललाय.’

‘मी पीत नाही, सरोजिनी. हुंगतो.’

‘पडवीत बसून. रस्त्यावरनं दिसेल असं. भागुबाई परवा विचारत होती, सर औषध घेत्यात व्हय?’

‘मग काय सांगितलंस?’

‘व्हय म्हटलं.’

ही तयारी भाविकासाठी होती. भाविका माझ्या कॉलेजची. मांडव्याजवळ तिने एक बागेतलं रेस्टॉरंट काढलंय, तिथे शनिवार-रविवारी मुंबईची माणसं बोटीने येतात आणि हिरवळीवर अनवाणी चालतात. मार्चमधल्या एका शनिवारी तिने कार्यक्रम ठरवला होता: एक सॅलड, तीन वाइन्स, बारा पाहुणे आणि मी. कुठली वाइन का जमते ते मी समोर बसून सांगायचं. आजवर मी फक्त कागदावर होते. कागदावर दोन आठवडे मिळतात. समोर बसल्यावर तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी म्हणणार, हे घ्या, ओळखा. म्हणून भाविकाला बाटल्या आधीच मागवायला सांगितल्या होत्या, प्रत्येकी दोन. एक नानांना, एक कार्यक्रमासाठी तिच्याकडेच. ‘प्रोफेशनल लोक असंच करतात,’ असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलं. मला ती आवडते ती उगीच नाही.

पहिली पांढरी होती, नाशिककडची. नानांनी बशी थोडी कलती केली, सरळ केली, पंजा हलवला. डोळे मिटले. मी वही उघडली.

‘कच्चा पेरू,’ ते म्हणाले. ‘चिरलेला नाही. दाताने तोडलेला.’

‘हं.’

‘आणि सुंभ. ओलं. रात्रभर विहिरीत पोहरा राहिला की सकाळी दोरीला येतो तो.’

‘ओलं सुंभ असं कसं लिहू? मागे मी खनिज छटा लिहिलं होतं.’

‘वाचलं. खनिज कुठलं? कॅल्शियम? लोह? नाव देता येत नसेल तर सुंभच लिही. सुंभाला कोणी हसत नाही.’

दुसरी गुलाबी. ‘हे आपलंच आहे,’ म्हणाले. ‘पपनस. सोलल्यावर अंगठ्याच्या नखात राहतं ते. पण दुसऱ्या दिवशीचं. हात दोनदा धुवून झालेत.’

मी लिहिलं. दोनदा धुतलेल्या हाताला दुसऱ्या दिवशी पपनसाचा वास येत असे का, हे मी आठवून पाहिलं. आठवणीतही काही आलं नाही.

मग सॅलड. भाविकाने तिच्या शेफने केलेलं ड्रेसिंग बाटलीत भरून दिलं होतं. नानांनी झाकण उघडलं, पंजा एकदाच हलवला आणि खोकले.

‘ॲसेटिक ॲसिड. याच्यापुढे तुझ्या दोन्ही बाटल्या गप्प बसतील.’

मी पानावर ड्रेसिंग घालून खाल्लं आणि वर घोट घेतला. खरंच. मघाशी जिभेला टोचणारी वाइन पाण्यासारखी उतरली. हे मात्र मला कळतं. जीभ माझी आहे. सॅलडबरोबर वाइन जमवताना बहुतेक लोक चीजकडे बघतात आणि फसतात, कारण भांडण चीज करत नाही, वरून ओतलेलं आंबट करतं. वाइनचा आंबटपणा त्याच्याहून कमी पडला की वाइन मेली. हे वाक्य मी पुढे सदरात माझं म्हणून छापलं असतं.

‘मग काय करू? नुसतं मीठ?’

‘आगळ घाल. कोकमाचं आंबट जिभेवर बसतं, नाकात शिरत नाही.’

आई आगळाची बाटली घेऊन बाहेर आली. ‘दारूत घालायला देत नाहीये. काकडीवर घालायला देतेय.’

अर्धा चमचा आगळ, चिमूटभर गूळ, थोडं तेल. पांढरा कांदा आमच्या शेजारच्या शेतातला, नुकता उपटलेला, गोडसर. काकडी. वर भाविकाचं चीज.

‘याला बोकडाचा वास आहे,’ नाना म्हणाले. ‘वाईट नाही. ओळखीचा. आला ना तुला?’

‘हो तर.’

मी खाल्लं, घोट घेतला आणि पांढरी वाइन पुन्हा ताठ उभी राहिली. मी टेबलावर हात आपटला. नाना खूश झाले, प्रयोग जमल्यावर व्हायचे तसे. आईनेही उभ्या उभ्या एक फोड उचलली, वाइनशिवाय, आणि म्हणाली, ‘काकडी चांगली आहे.’

आणखी कांदा चिरायला मी स्वयंपाकघरात गेले. चिरत होते, मनात वाक्यं जुळवत होते. किती वेळ गेला कोण जाणे. अचानक मागून नाना आले, माझ्या बाजूने हात घालून त्यांनी गॅस बंद केला. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं. तळ काळा, वर धूर. माझ्यापासून हातभर अंतरावर.

‘दूध लागलं गं.’

‘बघतच होते मी.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत ते मुलांकडे असे बघायचे, उत्तर चुकल्यावर, आणखी एक संधी देताना. मी कांद्याकडे बघत राहिले. कांद्याने डोळ्यांत पाणी येतं, वास येत नसला तरी. तेवढी सोय होती.

त्यांनी पातेलं उचलून मोरीत ठेवलं, खिडकी उघडली आणि बाहेर गेले.

मी पडवीत येऊन तिसरी बाटली हातात घेतली, सोनेरी, गोड, वेलीवर उशिरापर्यंत ठेवलेल्या द्राक्षांची. नानांनी तिसऱ्या बशीवर हात पालथा ठेवला.

‘ही उद्या. नाक दमलं. सलग तीन तास मी वर्गातसुद्धा घेत नसे.’

‘उद्या नक्की?’

‘उद्या सकाळी. सकाळी नाक ताजं असतं.’

संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी पांढऱ्या कांद्याची माळ पिशवीत भरून ठेवली, आईशी बातम्यांवरून वाद घातला आणि दोन पुस्तकांपैकी जाड कुठलं ते हातात तोलून पाहिलं. जाड आधी वाचायचं ठरलं.

सकाळी सहाला ते पंप लावायला गेले. पंप सुरू झाल्याचा आवाज मी अर्धवट झोपेत ऐकला. साडेसातला भागुबाई वाडीत कामाला आली आणि मागच्या दारातून ओरडली, ‘सरांनी पानी बंद केला न्हाय का? आळी भरून वाट वली झाली.’ ते विहिरीजवळ पपनसाला टेकून बसले होते, चप्पल पायात, चष्मा खिशात. पाणी त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं.

पंप मी बंद केला.

*

नंतरचे दिवस माणसांचे असतात. गावातला जो येई तो आपापली बरणी सांगे. एकाचं लोणचं नानांनी वाचवलं होतं, एकाच्या मुलीच्या लग्नातलं तूप त्यांनी भेसळीचं म्हणून परत पाठवलं होतं. कोंडाजी, आमचे नारळ पाडणारा; त्याच्याकडे सांगायला बरणी नव्हती. पडवीच्या पायरीवर बसून राहिला आणि जाताना म्हणाला, ‘सर वास घेऊन सांगायचे, शहाळ्यात पानी गोड हाय का. वरनं. न फोडता.’ हे खरं नसावं. मी मान हलवली.

भाविकाचा फोन आला. भेटायला ती आधीच येऊन गेली होती, दोन्ही हातांनी आईचे हात धरून बराच वेळ बसली होती. आता घुटमळत म्हणाली, ‘भार्गवी, तू नाही म्हणालीस तर मी सगळ्यांना कळवते. काही प्रॉब्लेम नाही, सच्ची.’

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ‘करू या’ म्हणाले. कारण विचाराल तर उदात्त नाही. पहिल्या दोन वाइन्सचे शब्द माझ्या वहीत होते आणि ते शेवटचे होते. कोणी ऐकल्याशिवाय ते वहीतच राहिले असते.

प्रश्न तिसरीचा होता. नानांच्या वाटणीची बाटली टेबलावर तशीच, बुचासकट. एका दुपारी, आई झोपल्यावर, मी ती उघडली. बशीत ओतली, कलती केली, सरळ केली, पंजा हलवला. बोलावलं. मग वासाच्या अंगावर गेले. नाक बशीला लागून ओलं झालं. काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, नाक ताजं असतं म्हणून. एक शिकलीसवरलेली बाई, पंचेचाळीस वर्षांची, घरात सुतक संपून दोन आठवडे झालेत, आणि ती सकाळी सातला पडवीत बसून बशीला हाताने वारा घालतेय. भागुबाईने फाटकातून पाहिलं आणि आईला विचारलं म्हणे, ‘ताईंनापन औषध लागू झाला?’

शेवटी मी बाटलीच्या मागचा कागद वाचला. मध, जर्दाळू, संत्र्याची साल, सौम्य सुवास. ते मी एका कार्डावर मराठीत सुबक अक्षरात उतरवलं. ‘सौम्य’ खोडून ‘हळुवार’ केलं. मग मला त्या कार्डाची इतकी लाज वाटली की मी ते पर्समध्ये अगदी तळाशी ठेवलं, म्हणजे हाताला लगेच लागेल अशा जागी नाही, पण शोधलं तर सापडेल अशा.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आई मोरीवर त्या तीन बशा घासत होती. त्या भाविकाला नको होत्या, तिने नव्या पंधरा आणल्या होत्या. पण आई घासत होती.

‘तिसरीचं काय सांगणार आहेस उद्या?’

‘बाटलीवर लिहिलंय ते.’

आईने बशी पालथी घातली. ‘तेच सांगायचं असतं तर ह्यांना कशाला बसवत होतीस?’

मी पालथी बशी उचलून पुसायला घेतली.

‘त्यांना माहीत होतं.’

‘काय?’

‘काय म्हणजे? तुला वास येत नाही ते.’

मी मोरीच्या कठड्यावर बसले. ‘दुधावरून?’

‘दूध तर आत्ताचं. आधीपासून माहीत होतं. पहिल्या वर्षी मी तुझ्या उशाशी सुरंगीच्या फुलांचा वळेसर ठेवला होता. सुरंगी! तीन दिवस. खोलीत पाऊल ठेवलं की मला घेरी यायची. तू एकदा विचारलं नाहीस की हे कुठून येतंय.’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘मी म्हणत होते, विचारा तिला. म्हणाले, नको. तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल. तोवर आपण वास घेऊ.’ आईने पुढची बशी घेतली. ती मघाशीच घासून झाली होती. ‘तू यायची असलीस की बुधवारपासून दही बंद. सर्दी नको म्हणून. ताक नाही, केळं नाही. मी म्हटलं, परीक्षा आहे का तुमची? म्हणाले, तिची आहे.’

दर पंधरवड्याला. चार वर्षं. मी हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला. नानांना दही फार आवडायचं. भाताचा शेवटचा घास त्यांना दह्याशिवाय जात नसे, आणि मी समोर बसून त्यांच्या घशाची विचारपूस करत असे.

‘म्हणजे वाट बघत होते,’ मी म्हटलं.

‘बघत होते तर. तू गेलीस की विचारायचे, तुला काही बोलली का?’

*

भाविकाने हिरवळीवर लांब टेबल मांडलं होतं. साडेचारची वेळ, नारळाच्या सावल्या टेबलावर आडव्या. आई माझ्याबरोबर आली होती. मी विचारलं नव्हतं. ती सकाळीच जरीकाठी साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. भाविकाने तिला टेबलाच्या टोकाला बसवलं आणि तिच्याहीसमोर बशी ठेवली. आईने ती बोटाने थोडी दूर सारली.

‘ही माझी फ्रेंड भार्गवी,’ भाविका म्हणाली, ‘आणि हे अख्ख्या महाराष्ट्रातलं बेस्ट नाक. मजाक नहीं कर रही.’

टाळ्या. मी नाकाला हात लावला. लोक हसले. विनयाचा तो अभिनय मला चांगला जमतो, चार वर्षांच्या सरावाने.

पांढरी बशांमध्ये ओतली गेली आणि बारा माणसांनी पंजे हलवायला सुरुवात केली. कोणी माशी हाकलल्यासारखं, कोणी आरतीवरून हात फिरवून तोंडावरून घेतात तसं. लिननचा कुडता घातलेल्या एका गृहस्थांनी तर डोळे मिटून दोन्ही हातांनी. हे सगळं मी सुरू केलं होतं, रेवदंड्याच्या पलीकडे ज्याचं नाव कोणाला ठाऊक नाही अशा एका मास्तरांच्या चहाच्या बशीवरून.

‘कच्चा पेरू,’ मी म्हणाले. ‘दाताने तोडलेला. आणि ओलं सुंभ. रात्रभर विहिरीत राहिलेल्या दोरीचं.’

पंजे हवेतच थांबले. मग कुडतेवाले गृहस्थ म्हणाले, ‘माय गॉड. माझ्या आजोळी विहीर होती.’ त्यांची बायको म्हणाली, ‘तुझं आजोळ दादरला आहे.’ ‘त्याच्या आधीचं,’ ते म्हणाले आणि पुन्हा हात हलवू लागले.

सॅलड आलं. मी आगळाची गोष्ट सांगितली: चीजकडे बघू नका, वर काय ओतलंय ते बघा. शेफने व्हिनेगरचं ड्रेसिंगही बाजूला ठेवलं होतं, त्याच्याबरोबर वाइन कशी मरते ते सगळ्यांनी चाखून पाहिलं आणि एकमेकांना दाखवलं, ‘बघ, गेली! गेली ना?’ लहान मुलांसारखे खूश झाले. मग गुलाबी. अंगठ्याच्या नखातलं पपनस, दुसऱ्या दिवशीचं, हात दोनदा धुतलेले. एक तरुण मुलगी आपला अंगठा हुंगून बघत होती. वहीतलं वाचत असल्यासारखं मी नानांचं बोलणं सांगत होते आणि लोक माझ्याकडे बघत होते.

वहीचं पान तिथे संपलं.

तिसरी ओतली गेली. उतरत्या उन्हात ती बशीत तुपासारखी दिसत होती. मी चीजचा तुकडा तोंडात टाकला, घोट घेतला. गोड, मग मागून आंबट. चीजचा खारटपणा गोडाला धरून राहतो आणि आगळ दोघांना फार बोलू देत नाही. हे मी सांगितलं. ते खरं होतं, आणि माझं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि थांबून राहिले.

‘आणि वास?’ कुडतेवाले म्हणाले. ‘मॅडम, नाक कुठे गेलं?’

‘सांग ना गं,’ भाविका म्हणाली. ‘सगळे तेच ऐकायला थांबलेत.’

मी पर्समध्ये हात घातला. कार्ड सापडलं, अगदी पहिल्यांदाच. मध, जर्दाळू, संत्र्याची साल, हळुवार सुवास. मी ते बाहेर काढलं आणि टेबलाच्या टोकाकडे माझी नजर गेली.

आईने दूर सारलेली बशी पुन्हा पुढे ओढली होती. ती कलती केली, सरळ केली. पर्स मांडीवरून पडू नये म्हणून डाव्या हाताने धरून ठेवली आणि उजव्या हाताचा पंजा बशीवरून आपल्याकडे हलवला. एकदा, मग सावकाश पुन्हा. तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारातून चार वर्षं बघत होती. तिने डोळे मिटले, कपाळाला आठी पडली, मग मान वर करून तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. विचारायचं नाही, असं ठरवलेल्या माणसासारखं.

मी कार्ड पालथं ठेवलं.

‘मला वास येत नाही,’ मी म्हणाले.

कुडतेवाले हसले. विनोद आहे असं वाटून आणखी दोघं हसले, मग थांबले. भाविकाच्या हातातली बाटली तशीच राहिली.

‘चार वर्षं झाली. अजिबात येत नाही. पेरू, सुंभ, पपनस, आजवर सदरात जे जे लिहिलं ते सगळं माझे वडील बशीत हुंगून सांगायचे. नागावच्या पडवीत. बशीसुद्धा त्यांचीच कल्पना. ही तिसरी त्यांनी उद्या सकाळी हुंगतो म्हणून ठेवली होती. मी त्यांना कधी सांगितलं नाही. मी खेळ असल्यासारखं विचारायचे आणि ते खेळ असल्यासारखं सांगायचे.’ माझ्यासमोरची बशी मी दोन्ही हातांनी उचलली आणि टेबलावरून पुढे, आईच्या दिशेने सरकवली. ‘म्हणून आता तुम्हालाच विचारते. आई, तूसुद्धा. मला खरंच येत नाही. बघा ना, याला कसला वास येतो?’